सरिफचा मुक्काम

हिजरी सन 10, म्हणजे इसवी सन 632. जिल्काद महिन्याचे पाच दिवस उरले असताना मदिनेहून हजचा काफिला निघाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीतला हा शेवटचा हज. इतिहासात तो 'हज्जतुल विदा' म्हणून ओळखला जातो. या प्रवासाबद्दल आपल्याकडे जे काही बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक अरफातच्या खुतब्याबद्दल असते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच प्रवासात अरफातच्या काही दिवस आधी एक मुक्काम पडला होता. आम्हाला आज त्या मुक्कामाबद्दल लिहायचे आहे.

मक्केच्या उत्तरेला काही मैलांवर सरिफ नावाची जागा आहे. हजरत मैमूना (रजि.) यांचा निकाह येथेच झाला आणि त्यांची कबरही येथेच आहे. काफिला या ठिकाणी थांबला आणि हजरत आयेशा (रजि.) यांना हैज सुरू झाले. मक्का आता हाकेच्या अंतरावर होती. इतक्या दिवसांचा उंटावरचा प्रवास, मनात धरलेला उमरा, आणि ऐन वेळी हे. प्रेषित आत आले तेव्हा त्या रडत होत्या. यंदा हजला निघालेच नसते तर बरे झाले असते, असे त्या म्हणाल्याचीही नोंद आहे. हे बोलणे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ओळखीचे वाटेल. या दिवसांत मन असेच टोकाला जाते. एक गोष्ट बिघडली की सगळेच नको वाटते.

या प्रसंगाच्या रिवायती अनेक आहेत, तपशिलात थोड्या वेगळ्याही आहेत. एका रिवायतीत प्रेषित स्वतःच विचारतात की हैज आले का. दुसरीत ते रडण्याचे कारण विचारतात, जवळच्या बाईला मारावी तशी मायेची हाक मारून. त्यावर हजरत आयेशा सरळ शब्द न वापरता सांगतात की आपण नमाज पढत नाही. आमच्या घरांतल्या बायका आजही नेमके हेच म्हणतात. 'आज नमाज नहीं है' एवढे म्हटले की ऐकणारीला सगळे कळते. चौदाशे वर्षे हा पडदेदार शब्द टिकून आहे.

त्यानंतर प्रेषितांनी जे सांगितले त्याचा आशय असा की ही गोष्ट अल्लाहने आदमच्या सगळ्या लेकींसाठी लिहून ठेवली आहे, यात तुझे काही बिघडत नाही. हाजी जे जे करतात ते सगळे कर, फक्त पाक होईपर्यंत काबागृहाचा तवाफ करू नकोस. एका रिवायतीत आणखी एक लहानशी सूचना आहे: केस सोड, कंगवा फिरव आणि हजची नियत कर. आम्हाला या कंगव्याचे फार मोल वाटते. रडून रडून थकलेल्या बाईला धर्मशास्त्र समजावून झाल्यावर कुणी वेणीफणी करायला सांगावे, हे घरातले शहाणपण आहे.

अरफातचा दिवस आला तरी त्या पाक झालेल्या नव्हत्या. पुढे पाक झाल्या, तवाफ झाला, हज पूर्ण झाला. पण मनातली सल गेली नव्हती. परतीच्या रात्री त्या म्हणाल्या की बाकीचे हज आणि उमरा दोन्ही घेऊन जाताहेत, मी फक्त हज घेऊन जाते आहे. फिक्हच्या हिशेबाने त्यांचे काही राहिले होते की नाही यावर पुढे आलिमांनी पाने भरली. प्रेषितांनी त्या रात्री हिशेब मांडला नाही. त्यांनी हजरत आयेशांचे भाऊ अब्दुर्रहमान (रजि.) यांना बोलावले आणि बहिणीला हरमच्या हद्दीबाहेर तनईमला नेऊन उमरा करून आणायला सांगितले. भावाने बहिणीला उंटावर मागे बसवले. वय लहान, रात्रीची वेळ; डुलकी लागली की तोंड खोगिराच्या मागच्या लाकडावर आपटायचे, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या परत येईपर्यंत प्रेषित थांबले आणि मगच काफिल्याला निघण्याचा हुकूम झाला. हजरत जाबिर (रजि.) या प्रसंगाबद्दल सांगताना म्हणतात की प्रेषित मऊ स्वभावाचे होते, त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ते तिला साथ देत.

तनईमला आज मोठी मशीद आहे. लोक तिला मस्जिदे आयेशा म्हणतात. महाराष्ट्रातून हजला किंवा उमऱ्याला गेलेले आपले लोक मक्केत असताना आणखी एक उमरा करायचा म्हणून टॅक्सीने किंवा बसने तिथे जातात, एहराम बांधून परत येतात. कित्येक जण आई-वडिलांच्या नावाने करतात. हजहून आलेल्या प्रत्येक घरात या मशिदीचे नाव घेतले जाते. पण तिच्या मुळाशी एका तरुण बाईचे माहवारीच्या दिवसांतले रडणे आहे, हे किती घरांत सांगितले जाते?

इमाम बुखारींनी (निधन इ. स. 870) मात्र ते सगळ्यांत आधी सांगितले. त्यांच्या हदीससंग्रहात हैजचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातली पहिलीच हदीस सरिफची आहे. म्हणजे हैज किती दिवसांचे, रंग कोणता, गुस्ल कसा, हे सगळे मागून येते. आधी येते ती रडणारी बाई आणि तिला विचारले गेलेले कारण. त्याच जागी बुखारी आणखी एक नोंद करतात. हैजची सुरुवात बनी इस्राईलच्या बायकांपासून झाली असे काही लोकांचे म्हणणे होते. बुखारींचा कौल असा की प्रेषितांचे वचन त्याहून व्यापक आहे. एखाद्या कौमवर शिक्षा म्हणून हे उतरले, ही कल्पना त्यांनी प्रकरणाच्या उंबरठ्यावरच बाजूला ठेवली.

ती ठेवणे गरजेचे होते, कारण त्या काळचे जग दुसरेच काही मानत होते. मदिनेत शेजारी यहुदी वस्ती होती. हजरत अनस (रजि.) यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्यात बाईला हैज आले की तिच्याबरोबर जेवत नसत, एका घरात राहत नसत. पलीकडे सासानी इराणात अग्निपूजकांचे नियम याहून कडक होते. बाईला वेगळ्या खोलीत, अग्नी आणि पाण्यापासून दूर बसवले जाई. आपल्या मुलखातले 'बाहेर बसणे' आणि 'कावळा शिवणे' तर वाचकांना सांगायला नको. सहाबींनी या बाबतीत प्रेषितांना विचारले आणि सूरह बकराची 222 वी आयत उतरली. तिच्यावरचा प्रेषितांचा खुलासा अगदी थोडक्यात आहे: शय्यासंबंध सोडून बाकी सगळे करा.

या आयतीत हैजसाठी 'अज़ा' हा शब्द आला आहे. उर्दू तर्जुम्यांत त्याचे कुठे गंदगी, कुठे तकलीफ, कुठे बीमारी असे झाले आहे. आमचे मत असे आहे की 'गंदगी' या एका शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या मनावर जो डाग पाडला तो मूळ शब्दात नाही. कुरआनमध्येच हा शब्द आणखी कुठे येतो ते पाहावे. याच सूरहमध्ये हजच्या वेळी डोक्याचा त्रास असलेल्या माणसाला वेळेआधी केस काढायची सवलत आहे, तिथे डोक्याच्या त्रासाला 'अज़ा' म्हटले आहे. सूरह निसामध्ये लढाईच्या प्रसंगी पावसाचा त्रास होत असेल तर हत्यारे खाली ठेवायची मुभा आहे, तिथे पावसाच्या त्रासाला 'अज़ा' म्हटले आहे. आणि पुन्हा बकरामध्येच, दान दिल्यावर उपकार बोलून दाखवणे आणि घेणाऱ्याचे मन दुखवणे यांनी दान वाया जाते असे सांगताना मन दुखवण्याला हाच शब्द वापरला आहे. म्हणजे अंगाला होणारा त्रास आणि मनाला होणारा त्रास दोन्ही या शब्दाच्या पोटात आहेत. भाषा शिकवणारी माणसे असल्यामुळे आम्हाला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. शब्दाचा एक अर्थ उचलला की मुलगी घाण ठरते, दुसरा उचलला की तिला त्रास होतो आहे हे मान्य होते.

प्रेषितांच्या घरात दुसरा अर्थ चालत होता. हजरत आयेशांनी ज्या प्याल्यातून पाणी प्यावे, जिथे ओठ लावावेत, तिथेच ते ओठ लावून पीत. हैजच्या दिवसांत त्यांच्या मांडीवर डोके टेकून कुरआन पढत. एकदा मशिदीतून चटई आणून द्यायला सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या हालतीची अडचण सांगितली. त्यावर हैज तुझ्या हातात थोडेच आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची रिवायत तर आणखी बोलकी आहे. एका चादरीत असताना त्यांना हैज सुरू झाले. त्या काही न बोलता हळूच सरकून बाहेर पडल्या आणि हैजचे कपडे घालून आल्या. प्रेषितांनी विचारले, हैज आले का? हो म्हणताच त्यांना परत त्याच चादरीत बोलावून घेतले. हळूच सरकून बाजूला होणे, हे कुणी शिकवावे लागत नाही. प्रत्येक मुलगी ते आपोआप शिकते. परत बोलावणे मात्र कुणीतरी करावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वरच्या सगळ्या रिवायती पाळी आल्यानंतरच्या आहेत. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत होणारी चिडचिड, विनाकारण रडू येणे, झोप न लागणे, कुणाचे बोलणे सहन न होणे, याला वेगळे नाव देऊन पाहण्याची पद्धत अलीकडची आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी 1931 साली या पाळीपूर्व ताणावर लिहिले. ब्रिटनमध्ये रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी 1953 साली त्याचा व्यापक लक्षणसमूह म्हणून विचार मांडला. त्यातल्या अतितीव्र प्रकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत स्वतंत्र विकार म्हणून मुख्य जागा मिळाली ती 2013 साली. तेव्हा कुणी चौदाशे वर्षांपूर्वीच्या हदीसमध्ये हे सगळे लिहिले होते असे सांगू लागला तर आम्ही त्याला हात जोडू. आपल्याकडे प्रत्येक नव्या शोधाचे मूळ आपल्या जुन्या किताबात दाखवण्याची हौस फार आहे. त्याने किताबही समजत नाही आणि शोधही.

मग इस्लामी परंपरेत या दिवसांच्या मनाबद्दल काय होते? हकीमांकडे काही होते, पण सगळेच चांगले होते असे नाही. इब्न सीना (980 ते 1037) यांच्या 'अल-कानून'च्या तिसऱ्या किताबात स्त्रियांच्या आजारांचा भाग आहे. हैज अडून राहण्याचे परिणाम त्यात येतात. 'इख्तिनाकुर रहम' नावाच्या विकाराचे वर्णन येते, ज्यात बाई गुदमरते, बेशुद्ध पडते, मिरगीसारखे झटके येतात. ही कल्पना मुळात युनानची, जालीनूसकडून आलेली. तिच्याबरोबर उपायही तिकडूनच आला, तो म्हणजे लग्न. वयात आलेली मुलगी चिडचिडी झाली, रडू लागली, तिला चक्कर आली की 'लग्न करून द्या, बरी होईल' असे मोहल्ल्यात म्हणणाऱ्या खाला-फुफ्फूंना वाटते की त्या दीनचे बोलताहेत. त्या जालीनूसचे बोलत असतात. हदीसमध्ये हा उपाय कुठे नाही.

इब्न सीनांचेच दुसरे लहान पुस्तक हृदयाच्या औषधांवर आहे, 'अल-अदविया अल-कल्बिया'. आनंद आणि उदासी यांचा हृदयातल्या रूहशी कसा संबंध असतो हे सांगून ते केशर, गुलाब, गावजबान, बादरंजबोया अशा दवांकडे वळतात. आपल्या घरांत खमीरा गावजबानची बाटली दिसते ती या परंपरेची. तिचा गुण किती हे हकीम आणि डॉक्टरांनी सांगावे. आम्हाला त्यातली एक जाणीव मोलाची वाटते: उदासी ही अंगात घडणारी गोष्ट असू शकते, तिला ईमानच्या कमजोरीचा दाखला मानू नये.

हा विचार सगळ्यांत स्वच्छ मांडला तो इब्न सीनांच्याही आधी अबू जैद अल-बल्खी यांनी. हे आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख परिसरातले, अल-किंदींचे शागीर्द, निधन इ. स. 934. त्यांच्या 'मसालिहुल अब्दान वल अन्फुस' या ग्रंथाचे नावच सांगते की शरीराचे हित आणि मनाचे हित या दोन्हींचा विचार एकत्र करायचा आहे. मनाच्या भागात आठ प्रकरणे आहेत. राग, भीती, गम आणि वसवसे यांचा त्यात वेगवेगळा विचार आहे. गमचे ते दोन प्रकार करतात. एकाचे कारण माहीत असते: कुणी मेले, काही हरवले, काही मिळाले नाही. दुसऱ्याचे कारण सापडत नाही. माणूस उदास असतो आणि का ते त्याला सांगता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ बल्खी शरीरात, रक्ताच्या हालतीत शोधतात, त्यासाठी शरीराचा इलाज सांगतात, आणि बरोबर गप्पागोष्टी, मन रमेल असे ऐकणे-बोलणे यांचीही शिफारस करतात. त्यांचा आणखी एक सल्ला असा की माणसाने मन शांत असतानाच चांगले विचार गोळा करून ठेवावेत, जसे घरात अडीनडीसाठी दवा ठेवतात. वादळ आले की त्या वेळी नवीन विचार सुचत नाही, साठवलेला कामी येतो.

बल्खींनी हे माहवारीच्या संदर्भात लिहिले असा आमचा दावा नाही. त्यांचे वाचक बहुधा पुरुषच असतील. पण 'कारण न सापडणारी उदासी' हे शब्द वाचल्यावर आठवी-नववीच्या वर्गातल्या मुली डोळ्यांसमोर आल्या. काल हसत असलेली मुलगी आज बाकावर डोके टेकून बसते. काय झाले विचारले तर 'कुछ नहीं टीचर' म्हणते. ती खोटे बोलत नसते. तिलाही माहीत नसते. बी.एड.ला आम्ही किशोरावस्थेचे मानसशास्त्र शिकलो, स्टॅन्ले हॉलचे वादळ आणि ताण पाठ केले, परीक्षेत लिहिले. बल्खींचे नाव त्या अभ्यासात नव्हते. त्यांच्या ग्रंथाची हस्तलिखिते इस्तंबूलच्या ग्रंथालयात पडून होती. 1984 साली फ्रँकफुर्टहून फुआत सेझगीन यांनी हस्तलिखिताची छायाप्रत छापली आणि मलिक बद्री यांनी मनाच्या भागाचे इंग्रजी भाषांतर 2013 साली प्रसिद्ध केले. ज्या वर्षी अमेरिकेच्या यादीत पाळीपूर्व विकाराला जागा मिळाली तेच हे वर्ष. योगायोगच, पण लक्षात राहण्यासारखा.

फिक्हमध्येही मनाची दखल आहे, फक्त ती वेगळ्याच दारातून येते. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी बायकोला हैजच्या हालतीत तलाक दिला. हे कळल्यावर प्रेषित नाराज झाले. तिला परत घे, ती पाक होऊ दे, पुन्हा हैज येऊ दे, पुन्हा पाक होऊ दे, मग ठेवायचे की सोडायचे ते ठरव, असा हुकूम झाला. फकीहांनी याची कारणे शोधली. एक कारण इद्दत लांबण्याचे. हनफी फकीहांनी दुसरेही सांगितले: हे दिवस नवऱ्याच्या मनातल्या दुराव्याचे असतात, त्या भरात घेतलेला निर्णय खऱ्या गरजेचा नसू शकतो. यात विचार नवऱ्याच्या मनाचा झाला, बायकोच्या मनाचा नाही, ही तक्रार आमची आहेच. आणि असा तलाक गुन्हा असला तरी पडतो, असेच चारही मजहबांचे मत राहिले. तरीही महिन्यातले काही दिवस असे असतात की त्यात मोडतोडीचा फैसला करू नये, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. तेच तत्त्व बाईने स्वतःसाठी वापरायला काय हरकत आहे? पाळी जवळ आली की सासूशी शेवटचे बोलणे, नोकरीचा राजीनामा, माहेरी निघून जाणे हे सगळे आठ दिवस पुढे ढकलावे.

फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. मी नमाज सोडून देऊ का, असे त्यांनी घाबरून विचारले. उत्तर मिळाले की हा हैज नाही, ही एक रग आहे. हैजचे दिवस गेले की धुवून नमाज पढ. हमना बिन्त जहश (रजि.) यांच्या रिवायतीत शैतानाच्या ठोकरीचा उल्लेख येतो, तो आम्ही लपवत नाही. पण पुढे सांगितलेले उपाय पाहा: आधी कापूस, नंतर कापड, आणि तरीही भागत नसेल तर दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत. ताईत नाही, गंडा नाही, आमिल नाही. 'लडकी पर असर है' म्हणून दर महिन्याला ठरावीक तारखांना बिघडणारी मुलगी घेऊन फिरणाऱ्या घरांनी कॅलेंडरवर त्या तारखा लिहून पाहाव्यात. तीन महिन्यांत चित्र दिसते. आणि ज्या मुलीला त्या दिवसांत जीव नकोसा वाटतो तिला वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. त्यावर इलाज आहे.

रागासाठी उभे असाल तर बसा, बसले असाल तर आडवे व्हा, ही शिकवण सगळ्यांना ठाऊक आहे. तलबीनाबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण हल्ली ती हरेक दुखण्यावर सांगितली जाते. जवाच्या पिठाची ही पातळ लापशी. हजरत आयेशांच्या माहेरी कुणी गेले की जमलेल्या बायका परत गेल्यावर घरचे आणि जवळचे तेवढे उरत. मग त्या हंडी चढवायला सांगत. आजाऱ्याच्या मनाला ती आराम देते आणि गम थोडा हलका करते, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. 'थोडा' हा शब्द त्यात आहे. पूर्ण इलाजाचा दावा हदीसने केलेला नाही.

मग हे सगळे आपल्या मुलींपर्यंत का पोहोचले नाही? एक कारण किताबांच्या रचनेत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर' लिहिले. मुलींना लिहिता-वाचता यावे, दीन समजावा, यासाठी त्या काळात एवढे मोठे काम दुसरे क्वचितच झाले असेल. उर्दू वाचणाऱ्या घरांत ते लग्नात जहेजबरोबर दिले जाई. त्यात हैजचे मसले एका भागात आहेत, राग आणि स्वभावाची दुरुस्ती दुसऱ्या भागात आहे, दवा-इलाज तिसऱ्याच भागात. तिन्ही आहेत, पण एका पानावर कधी भेटत नाहीत. पुढे त्यावरून ज्या लहान-लहान पुस्तिका निघाल्या त्यांत उरला तो दिवसांचा हिशेब. हनफींच्या मते कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त दहा. शाफईंच्या मते कमीत कमी एक दिवस-रात्र, जास्तीत जास्त पंधरा. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई, देशावरचे हनफी; त्यामुळे रत्नागिरीची सून सोलापुरात गेली तर हिशेब बदलतो आणि तिला तो नव्याने विचारावा लागतो. हा हिशेब जरुरीचा आहे, त्यावर नमाज-रोजा अवलंबून आहे. पण बुखारींनी ज्या गोष्टीने प्रकरण सुरू केले ती पुस्तिकेत येतच नाही. शाळेतही तेच. 2018 साली महाराष्ट्रात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी पाच रुपयांत पॅडचे पाकीट मिळू लागले. चांगली गोष्ट झाली. पाकिटाबरोबर दोन शब्द बोलायला मात्र शाळेत कुणी पुढे येत नव्हते. दीनियातचे सर म्हणत मॅडम सांगतील, मॅडम म्हणत घरी सांगतील.

आणि एकटेपणाचे काय? या दिवसांत मन सगळ्यांत जास्त बिघडते ते बाजूला पडल्यामुळे. हजरत उम्मे अतिया (रजि.) सांगतात की दोन्ही ईदना हैज असलेल्या बायकांनाही घराबाहेर ईदच्या मैदानावर आणण्याचा हुकूम होता. नमाजच्या जागेपासून त्यांनी बाजूला राहायचे, पण जमातीच्या भल्यात आणि दुआत सामील व्हायचे. ओढणी नसेल तर शेजारणीने आपली द्यावी, एवढा बारीक विचार केला गेला. आपल्या गावच्या ईदगाहवर नमाज असलेल्या बायकाही जात नाहीत, तर नमाज नसलेल्यांची गोष्ट कोण काढणार. त्या दिवशी त्या शीरखुर्मा ढवळत असतात.

हज्जतुल विदाचा प्रवास संपताना असाच पेच पुन्हा आला होता. हजरत सफिया (रजि.) यांना निघायच्या वेळी हैज आले. काफिला अडतो की काय, म्हणून प्रेषितांच्या तोंडून त्रासिक उद्गार निघाल्याची नोंद आहे. मोठा तवाफ आधी झाला आहे असे कळताच मग हरकत नाही, निघा, असे सांगितले गेले. पुढे काही वर्षांनी मदिनेच्या लोकांनी हाच मसला हजरत इब्न अब्बास (रजि.) यांना विचारला. त्यांनी सांगितले की बाई निरोपाचा तवाफ न करता जाऊ शकते. लोक ऐकेनात, कारण मदिनेचे मोठे आलिम हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे मत उलट होते, बाईने थांबले पाहिजे असे. इब्न अब्बासांनी वाद घातला नाही. मदिनेत गेल्यावर तिथल्या बायकांना विचारा, म्हणाले. लोकांनी जाऊन हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांना विचारले. त्यांना सफियांचा प्रसंग माहीत होता, त्यांनी तो सांगितला. हजरत जैद इब्न अब्बासांकडे परत आले ते हसतच, आणि तुमचेच बरोबर होते, असे म्हणाले.